सणाच्या शुभेच्छा आणि वर्षाचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





वार्षिक संमेलनात बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि खाली बसावे असा आपल्याकडे प्रघात आहे. कौतुक तर मी मनापासून करतो. परंतु शिक्षणाचे महत्त्व आता या सभागृहातील कोणाला पटवून द्यावयाचे राहिलेले नाही. ते पटले नसते तर आपण आपल्या मुलामुलींना घेऊन येथे आलाच नसता. म्हणून मी आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपला नगरसेवक, आपला ग्रामपंचायत सदस्य, आपला लोकप्रतिनिधी सणासुदीला आपल्याकडे येतो तेव्हा तो काय घेऊन येतो, आणि आपण त्याच्याकडे काय मागतो, असा हा विषय आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. माझे बोलणे पुरे होईपर्यंत त्या प्रश्नाचे उत्तर मिळेल अशी आशा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. सणाला लोकप्रतिनिधीने लोकांत मिसळावे, ही चांगली गोष्ट आहे. ईदगाहच्या दाराशी उभे राहून त्याने गळाभेट घ्यावी, मोहल्ल्यात इफ्तारला यावे, गणपतीच्या आरतीला जावे, दिवाळीचा फराळ घ्यावा, नाताळला चर्चच्या आवारात दोन मिनिटे थांबावे. यात नावे ठेवण्यासारखे काहीच नाही. आपल्या शहरांत वस्त्या अलग अलग झाल्या आहेत. एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गल्लीत वर्षानुवर्षे पाऊल टाकीत नाही. अशा गावात सर्व गल्ल्यांतून चालत जाणारा एक तरी माणूस असावा, आणि लोकांनी निवडून दिलेला माणूसच तो असावा, हे योग्यच आहे. ज्या म्हातारीला कचेरीची पायरी चढता येत नाही, तिला तिच्या दारात आलेल्या नगरसेवकाला आपले गाऱ्हाणे सांगता येते. ही सणाची देणगी आहे.

तेव्हा त्याने येऊ नये, असे मला म्हणावयाचे नाही. तो हात हलवीत येतो, आणि आपणही त्याला हात हलवीत परत जाऊ देतो, ही माझी तक्रार आहे. चौकात कमान उभी राहते, तिच्यावर हात जोडलेला त्याचा फोटो असतो, खाली दहाबारा कार्यकर्त्यांचे लहान फोटो असतात आणि शुभेच्छांची एक ओळ असते. सण संपतो, कमान उतरते. वर्षभरात या वॉर्डासाठी काय मंजूर झाले, काय झाले नाही, आणि का झाले नाही, हे कोणालाच कळत नाही. कित्येकदा तर तो फलक लावण्याची परवानगीही घेतलेली नसते. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ साली झाला, आणि बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिकांची वारंवार कानउघाडणी केली. तरीही शुभेच्छा द्यावयाच्या तर त्या फलकावरूनच, अशी समजूत काही जात नाही.

आता सणांचा आणि हिशेबाचा संबंध पाहा. आपण म्हणतो, सणाच्या दिवशी हिशेबाच्या गोष्टी कशाला? पण आपले सण मुळात हिशेबाचेच सण आहेत. जकात कशी निघते? ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा काढावयाचा. सोने किती, रोकड किती, दुकानातला माल किती, येणे किती, देणे किती, हे सारे मांडल्याशिवाय जकात निघतच नाही. आपल्यापैकी बहुतेक जण हा हिशेब रमजानमध्ये करतात. फितऱ्याची रक्कम तर ईदची नमाज होण्याआधीच गरिबाच्या हाती पडली पाहिजे. म्हणजे आधी देणे चुकते करावयाचे आणि मग नवे कपडे घालून ईदगाहला जावयाचे. आपला हिंदू शेजारी घ्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी चोपडीचे पूजन करतो, जुन्या वर्षाचे खाते बंद करतो आणि नवी वही उघडतो. घरातला बाप आणि दुकानातला व्यापारी सणाला हिशेब मांडतो, तर मग ज्याच्या हाती साऱ्या वॉर्डाच्या पैशांसंबंधी बोलण्याचा अधिकार आहे त्यानेच तेवढे शिरखुर्मा पिऊन निघून का जावे?

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ साली आपल्याकडे ईद-उल-फित्र ३१ मार्चला आली. ३१ मार्च हा सरकारी आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस आहे. ज्या दिवशी आपण नमाजला गेलो, त्याच दिवशी महापालिकेचे, नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे वर्ष संपत होते. महापालिकांची अंदाजपत्रके साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये सभेपुढे येतात. म्हणजे अलीकडे रमजान आणि अंदाजपत्रकाचा हंगाम एकमेकांजवळ आले आहेत. इफ्तारला आलेल्या नगरसेवकाला, "साहेब, नव्या अंदाजपत्रकात आपल्या शाळेच्या छपरासाठी काही आहे का?" असे विचारण्यास याहून चांगली वेळ कोणती?

ही मागणी काही नवी नाही. लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ साली केला. त्याच्याही आधी महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६ ते १८८३ हा त्यांच्या सदस्यत्वाचा काळ. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला. त्या काळचे एक हजार रुपये! जोतीरावांचे म्हणणे असे, की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. मत पडले तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. ठराव मंजूर झाला आणि स्वागत थाटात झाले. पण आज त्या स्वागताची आठवण कोणाला आहे? आठवण राहिली ती त्या एका विरोधी मताची. सजावट आधी की शाळा आधी, हा प्रश्न त्यांनी नगरपालिकेच्या सभेत उभा केला, आणि तो प्रश्न आजही मिटलेला नाही.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांचे. १८७३ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून आले. पुढच्याच वर्षी, १८७४ साली, अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, आणि तिच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, हे सर्वांना ठाऊक असते. पण शहराचा कारभार पाहणे आणि मुलांसाठी शाळा काढणे ही दोन कामे त्यांनी एकाच वेळी हाती घेतली, याकडे आपले लक्ष जात नाही. नळ, गटार, दिवा आणि शाळा ही त्यांच्या दृष्टीने एकाच कामाची अंगे होती. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, याचे अर्धे उत्तर येथे मिळते.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. विद्यार्थ्यांनी हे लक्षपूर्वक ऐकावे. संविधानाची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती १९९२ साली संमत झाली आणि १९९३ साली अंमलात आली. ७४ व्या दुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तीत नागरी संस्थांकडे सोपविण्याजोगे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, रस्त्यावरील दिवे, दफनभूमी, कत्तलखान्यांचे नियमन, जन्म-मृत्यूची नोंद, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, शैक्षणिक व सांस्कृतिक बाबींना चालना, असे हे विषय आहेत. माणूस जन्मल्यावर त्याचा दाखला देण्यापासून तो मेल्यावर त्याला माती मिळेपर्यंतचे सारे यात आले. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीनंतरचा कचरा वेळेवर उचलला जातो की नाही, सहेरीच्या वेळी नळाला पाणी येते की नाही, शबे-बरातेला कब्रस्तानच्या वाटेवर दिवा आहे की नाही, हे सारे प्रश्न याच अनुसूचीत बसतात. आणि सणाला सोय झाली म्हणून वर्षभराची गैरसोय विसरावी असेही नाही. कब्रस्तानच्या वाटेवर दिवा वर्षाची एकच रात्र लागत नाही, मयत काही शबे-बरात पाहून होत नाही.

ज्या शहराची लोकसंख्या तीन लाख किंवा त्याहून अधिक आहे, तेथे प्रभाग समित्या असाव्यात असे संविधान म्हणते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. तेथे नगरसेवकाने प्रश्न विचारावयाचे असतात. खेड्यात ग्रामसभा आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या दिवसांना धरून ग्रामसभा बोलावण्याचा प्रघात आहे, आणि वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेब ठेवावे लागतात. पाहा, सुट्टीचा दिवस आणि हिशेबाचा दिवस यांची सांगड खेड्याने आधीच घालून ठेवली आहे. शहरात मात्र गल्लीतल्या मतदारापुढे उभे राहून वर्षाचा हिशेब देण्याची सवय नगरसेवकाला नाही. तो महापालिकेच्या सभेत बोलतो, पण ते आपल्यापर्यंत येत नाही. ही उणीव भरून काढावयाची असेल तर सणासारखा दुसरा दिवस नाही. त्या दिवशी लोक घरी असतात, मने प्रसन्न असतात, आणि तोही येणारच असतो.

असा लोकप्रतिनिधी नसला तर काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि तेथे प्रशासक आला. राज्यातील इतर अनेक महापालिका आणि नगरपालिकांचीही हीच स्थिती झाली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्यासंबंधी आदेश दिला, आणि राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात मुंबईकरांच्या चार रमजान ईद आणि चार दिवाळ्या नगरसेवकाविना गेल्या. अधिकारी काम करीत नव्हते, असे नाही. पण नळाला पाणी नाही म्हणून ज्याचे दार रात्री ठोठवावे असा निवडून आलेला माणूस नव्हता. माजी नगरसेवक सणाला भेटत, शुभेच्छा देत, पण सभेत उठून प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरला नव्हता. शुभेच्छा देणारे पुष्कळ होते, जाब विचारणारा कोणी नव्हता. यावरून या पदाचे मोल कशात आहे ते कळते. हार घालून घेण्यासाठी पदाची गरज लागत नाही, प्रश्न विचारण्यासाठी मात्र ती लागते.

पालकहो, आता मी आपल्या मुलांच्या गोष्टीकडे येतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे अशा कुटुंबांतील पहिली ते दहावीच्या मुलांना ती मिळत असे. रक्कम फार मोठी नव्हती, पण वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा भार ती हलका करी. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने कळविले की यापुढे ही शिष्यवृत्ती केवळ नववी आणि दहावीसाठी राहील. पहिली ते आठवीचे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मोफत आहे, असे कारण देण्यात आले. हा निर्णय शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर आला. तोपर्यंत आईबापांनी उत्पन्नाचे दाखले काढले होते, बँकेत मुलांची खाती उघडली होती, अर्ज भरले होते. त्यासाठी मजुरी बुडवून रांगेत उभे राहिलेले बाप होते. त्यानंतरच्या डिसेंबरात उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप बंद करण्यात येत असल्याचेही संसदेत सांगण्यात आले.

हे निर्णय दिल्लीचे होते, आपल्या नगरसेवकाचे नव्हते, हे मी जाणतो. त्याने ते थांबवावयास हवे होते, असेही मी म्हणत नाही. पण जो माणूस दर सणाला आपल्या दारी येतो, त्याने वर्षातून दोनदा तरी एवढे सांगावे, की कोणती योजना चालू आहे, कोणती बंद झाली, अर्जाची मुदत केव्हा संपते आणि कोणता कागद कोठे मिळतो. ही अपेक्षा जास्त आहे काय? सच्चर समितीने २००६ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे मुसलमानांतील साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के असल्याचे तीत नमूद आहे. हे अंतर भाषणांनी भरून निघत नाही. त्यासाठी वेळेवर मिळालेला दाखला लागतो, मुदतीपूर्वी कळलेली तारीख लागते, आणि गळणाऱ्या छपराची वेळेवर झालेली दुरुस्ती लागते. या अगदी लहान गोष्टी आहेत, आणि लहान गोष्टी हेच स्थानिक प्रतिनिधीचे क्षेत्र आहे. माझ्या आरंभीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे.

सणाच्या दिवसांतले आणखी एक काम आहे. ते फलकावर दिसत नाही, पण त्याच्याइतके मोलाचे दुसरे नाही. ते म्हणजे शांतता राखणे. भिवंडीने १९७० आणि १९८४ सालच्या दंगली पाहिल्या. १९७० ची दंगल तर मिरवणुकीच्या निमित्तानेच पेटली. पुढे १९८८ च्या सुमारास तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. प्रत्येक मोहल्ल्यातील दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना पोलिसांबरोबर एकत्र बसविले, ओळखी करून दिल्या, लहान तक्रारी लहान असतानाच मिटविल्या. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जे गाव दंगलींसाठी बदनाम होते त्याने हे करून दाखविले.

अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. २०२४ साली आणि २०२५ सालीही तारखा अशाच लागून आल्या, तेव्हाही जुलूस पुढे नेला गेला. कोणावर जबरदस्ती झाली नाही. चार शहाणी माणसे एकत्र बसली आणि वाट निघाली. ज्या नगरसेवकाचे दोन्ही बाजूंना येणे-जाणे आहे, तो अशा बैठकीत उपयोगी पडतो. आणि ते येणे-जाणे निवडणुकीच्या वर्षी सुरू करून चालत नाही. ते वर्षानुवर्षांच्या फराळाने आणि शिरखुर्म्याने तयार झालेले असावे लागते. म्हणूनच मी आरंभी म्हटले की सणाला त्याने यावे. त्याच्या येण्याला मोल आहे, पण ते वर्षभर टिकणाऱ्या कामाला जोडलेले असले पाहिजे.

मग त्याने काय करावे? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नगरसेवकाने वर्षातून दोनदा, एकदा रमजान ईदच्या आठवड्यात आणि एकदा दिवाळीच्या आठवड्यात, एका पानाचा हिशेब छापावा. मराठीत छापावा, आणि जेथे गरज असेल तेथे उर्दूतही छापावा. मशिदीच्या फलकावर, समाजमंदिरात, शाळेच्या दारात आणि रेशन दुकानावर तो लावावा. त्या पानावर त्याचा फोटो असला तरी माझी हरकत नाही, पण खाली पाच गोष्टी असाव्यात. पहिली, वॉर्डासाठी वर्षात कोणती कामे मंजूर झाली आणि प्रत्येकास किती रक्कम. दुसरी, त्यांपैकी पुरी किती झाली, अर्धवट किती राहिली आणि कोणत्या कारणाने. तिसरी, तो किती सभांना हजर होता आणि त्याने कोणते प्रश्न विचारले. चौथी, वॉर्डातील पालिकेच्या शाळांत मुले किती, शिक्षक किती, शौचालय आणि पिण्याचे पाणी यांची स्थिती काय. पाचवी, येत्या सहा महिन्यांत कोणत्या शिष्यवृत्तीची आणि कोणत्या दाखल्याची मुदत केव्हा. ही माहिती बहुतेक कचेरीतच असते. एक पान छापण्याचा खर्च एका कमानीच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि एक शब्द त्या पानावर नसावा. "अमुक यांच्या निधीतून" हा तो शब्द. निधी त्याचा नाही, निधी आपला आहे. आपल्या घरपट्टीच्या बिलात शिक्षणकर म्हणून एक रकाना असतो. तो कर १९६२ सालच्या कायद्याने बसविला आहे आणि आपण तो भरतो. गल्लीत बसविलेली फरशी ही कोणी दिलेली खैरात नव्हे. स्वतःच्या खिशातून कोणी गरिबाला मदत केली तर ते सवाबाचे काम आहे, आणि ते उजव्या हाताने करताना डाव्यालाही कळू नये असे आपल्याला शिकविले आहे. सार्वजनिक पैशाचे मात्र उलट आहे. तो खर्च होताना सर्वांना कळलाच पाहिजे.

आता पालकहो, आपल्याविषयी दोन शब्द बोललो नाही तर ते न्याय्य होणार नाही. लोकप्रतिनिधी जसा होतो तसा त्याला आपणही घडवितो. सण जवळ आला की आपले मंडळ त्याच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाते. रोषणाईला पैसे द्या, मंडपाला पैसे द्या, इफ्तारचा खर्च उचला. जो देईल तो चांगला, जो देणार नाही तो वाईट. मग तो हा पैसा कोठून आणतो, हे आपण विचारीत नाही. ज्याच्याकडून आपण मंडपाचे पैसे घेतले त्याला शाळेच्या छपराचा जाब कोणत्या तोंडाने विचारावयाचा? जेवण त्याच्याकडून घेतले की जीभ जड होते. त्यापेक्षा इफ्तार मोहल्ल्याने आपल्या वर्गणीतून करावी, त्याला पाहुणा म्हणून बोलवावे, खजूर पुढे करावा, आणि नमाजनंतर अर्धा तास त्याच्याशी कामाचे बोलावे. पाहुण्याचा मान राखूनही प्रश्न विचारता येतो.

दुसरे, आपण त्याच्याकडे जातो ते बहुधा आपल्या एकट्याच्या कामासाठी. माझ्या मुलाला नोकरी, माझ्या मुलीला प्रवेश, माझ्या दुकानापुढचा ओटा. वशिल्याने एकाचे काम होते आणि दहांचे तसेच राहते. दहा जणांनी मिळून एक लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि पुढच्या सणाला तो कागद त्याच्यापुढे ठेवला, तर त्याचा परिणाम अधिक होतो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. पालिकेच्या शाळांतील या समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधीही असावा, असे तो कायदा म्हणतो. म्हणजे नगरसेवक आणि पालक एका सतरंजीवर बसण्याची जागा कायद्याने करून ठेवली आहे. तेथे आपण जातो काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरे, आपल्या माता-भगिनींविषयी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण ईदगाहच्या दाराशी जी गळाभेट होते ती पुरुषांची. पाणी कोण भरते? मुलाला शाळेत कोण सोडते? रेशनच्या रांगेत कोण असते? ज्यांना सगळे ठाऊक आहे त्यांनाच बोलावयास जागा नाही. नगरसेविका असेल तर तिच्या पतीने वा दिराने येऊन शुभेच्छा देणे पुरेसे समजू नये. तिने स्वतः यावे, आणि ईदनंतर एका दुपारी शाळेच्या खोलीत स्त्रियांची सभा घ्यावी. आपल्या संस्थेने त्यासाठी खोली द्यावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. तुमच्यापैकी मोठ्या वर्गातील मुलामुलींनी या वर्षी एक काम करावे. आपल्या वॉर्डाचे वर्तमान टिपावे. किती दिवे बंद आहेत, कोणत्या गल्लीत गटार तुंबते, पालिकेच्या शाळेत नळ आहे की नाही. एक वही करावी, तारीखवार लिहावे. जेथे माहिती मिळत नसेल तेथे माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपये शुल्क भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो, आणि साधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. अर्ज लिहिणे हासुद्धा मराठीचा उत्तम अभ्यास आहे. त्यात राग नको, टोमणे नकोत. काय हवे ते एका वाक्यात लिहावे. वडीलधाऱ्यांच्या सहीने तो अर्ज जाऊ द्या. आणि अठरा वर्षे पुरी होताच मतदार यादीत नाव घाला. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जात असे. २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरल्या जातात, तेव्हा सबब उरलेली नाही. एकविसाव्या वर्षी तर तुम्ही स्वतः नगरसेवक म्हणून उभे राहू शकता. तुमच्यापैकी कोणी तरी उभे राहील अशी माझी उमेद आहे. तसे झाले तर ही वही बरोबर ठेवा.

आपल्या समाजात एक निराशेचा सूर अधूनमधून ऐकू येतो. आमचे कोण ऐकतो, आमच्या विचारण्याने काय होणार? मला हा सूर मान्य नाही. विचारले आणि मिळाले नाही, असे म्हणण्याआधी विचारले पाहिजे. आणि विचारताना आपण केवळ एका समाजाचे म्हणून विचारू नये. पालिकेच्या शाळेचे छप्पर गळते तेव्हा पाणी उर्दू वर्गातही पडते आणि मराठी वर्गातही पडते. तुंबलेले गटार मशिदीपुढून वाहते आणि देवळापुढूनही वाहते. शेजाऱ्याला बरोबर घेऊन विचारलेला प्रश्न नगरसेवकाला टाळता येत नाही. दिवाळीला त्यांच्या दारी तो आला की त्यांनी विचारावे, ईदला आपल्या दारी आला की आपण विचारावे, आणि प्रश्न एकच असावा.

पुढच्या सणाला आपला लोकप्रतिनिधी येईल. त्याचे स्वागत करा, त्याला बसवा, शिरखुर्म्याची वाटी पुढे करा. मग अदबीने म्हणा, "साहेब, शुभेच्छा पोहोचल्या. आता वर्षाचा हिशेब सांगा." पहिल्या वर्षी तो हसेल, दुसऱ्या वर्षी कागद घेऊन येईल, आणि कागद न घेता येणाऱ्याला तिसऱ्या वर्षी आपणहून संकोच वाटेल. एवढे झाले तरी या शाळेतील मुलांसाठी आपण मोठे काम केले असे मी समजेन.